खंडन की चौकशी?

एखाद्या दुकानदाराच्या मापाविषयी बाजारात कुजबुज सुरू झाली, म्हणजे त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. दुकानाच्या दारात तराजू टांगून "या, वजने ताडून पाहा" असे त्याने म्हणावे, हा एक. आणि कुजबुज करणारे आपले हाडवैरी आहेत, त्यांचे कोणी ऐकू नये, अशी दवंडी पिटवावी, हा दुसरा. या दोहोंपैकी सचोटीचा दुकानदार कोणता, हे पातूरच्या बाजारात पायलीभर ज्वारी घ्यावयास आलेला मनुष्यही क्षणात ओळखील. त्यास अक्षरओळख असण्याची गरज नाही. असे असता, मोठमोठ्या परीक्षा देऊन राज्य चालविणाऱ्या पुरुषांस ही साधी गोष्ट पुनःपुन्हा का उमगू नये, याचा विचार करणे आम्हांस अवश्य वाटते. तक्रार आली की आधी तिचे खंडन तयार करावयाचे, खंडन पटेना म्हणजे तक्रारीचे तोंड बंद करावयाचे, आणि चौकशीचे नाव मात्र काढावयाचे नाही, ही रीत परकी सरकारने आमच्याच प्रांतात चालविली व तिचे फळही त्याने भोगले. ती हकीकत जुनी असली तरी तिचा धडा जुना झालेला नाही.

चिमूरची गोष्ट आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांनी ऐकलेली असेल. तरुणांकरिता ती थोडक्यात सांगतो. हे गाव तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातले. मुंबईस ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पुढारी तुरुंगात गेले, आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे पडली. त्यावर खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकाऱ्यासह सरकारी नोकरांस गाठून ठार केले. नंतर गावात लष्कर आले, घरोघर झडत्या व धरपकड झाली, गावावर सामुदायिक दंड बसला. लष्कराच्या त्या दिवसांत घरे लुटली गेली व स्त्रियांच्या अब्रूवर हात पडला, अशी तक्रार गावातून बाहेर आली. त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. काँग्रेसच्या मंत्र्यांनी १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामे दिल्यापासून कारभार गव्हर्नरच्या हाती होता. म्हणून दाद मागावयाची तर ज्याच्या हुकुमाने लष्कर गेले, त्याच्याच दारात.

ही तक्रार कोणी मांडली ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. काँग्रेसचे लोक बहुतेक कोठडीत होते. चिमूरला जाऊन आलेल्यांत डॉ. मुंजे होते, ते हिंदुमहासभेचे पुढारी, आणि काँग्रेसचा कैवार घेण्याचा आरोप त्यांच्यावर कोणीही करू शकला नसता. नागपूरच्या काही प्रतिष्ठित महिलांनीही गावी जाऊन बायकांच्या तोंडून हकीकत ऐकली. सेवाग्रामचे प्रोफेसर भन्साळी दिल्लीस गेले ते लोकनायक बापूजी अण्यांच्या घरी. हे अणे आपल्या वऱ्हाडचे, यवतमाळचे, १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रहात गवत कापून तुरुंगात गेलेले. आणि त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. म्हणजे तक्रार सरकारच्या घरात, सरकारच्याच सल्लागारापर्यंत पोहोचली होती. मागणी एवढीच होती की, निःपक्षपाती चौकशी करा. सैनिकांस फाशी द्या असे कोणी म्हटले नाही, राज्य सोडून जा असेही भन्साळींनी त्या उपोषणात मागितले नाही. "तपासून पाहा" एवढाच त्यांचा शब्द होता.

सरकारने काय केले? आरोप निराधार आहेत अशी पत्रके काढली, चौकशी नाकारली, आणि भन्साळी चिमूरकडे पायी निघाले तेव्हा त्यांस धरून माघारी आणविले. त्यांचे उपोषण लांबू लागले तसा सरकारने आणखी एक उपाय योजिला: भन्साळींच्या उपोषणाची व चिमूरची बातमीच छापू नये, असा मध्यप्रांत सरकारचा हुकूम झाला. कोंबडे झाकून ठेवले म्हणजे तांबडे फुटावयाचे राहते, अशी त्या अधिकाऱ्यांची समजूत असावी.

आता या हुकुमाचा परिणाम अकोला-वाशीम रस्त्यावरील आमच्या पातुरासारख्या गावी काय व्हावयाचा, याची कल्पना करून पाहावी. गाव डोंगराच्या पायथ्याशी, अकोल्याहून मोटारने येणारा वर्तमानपत्राचा अंक एका दुकानाच्या ओट्यावर दहाजणांत वाचला जावयाचा. त्या अंकात चिमूरची बातमी असती, तिच्या शेजारी सरकारचे उत्तरही असते, तर ओट्यावर वाद झाला असता. कोणी म्हणाला असता हे खरे, कोणी म्हणाला असता ते खरे. बातमी बंद झाली तेव्हा वादच संपला, आणि तो सरकारच्या विरुद्ध संपला. जो मनुष्य काल साशंक होता, तो आज म्हणणार की, इतके झाकावयाचे आहे त्या अर्थी झाले ते ऐकले त्याहूनही वाईट असले पाहिजे. छापील बातमीला निदान लेखक असतो, तारीख असते, खोटी ठरल्यास जबाब देणारा संपादक असतो. तोंडी बातमीला यांपैकी काही नसते. ती प्रत्येक ओट्यावर थोडी थोडी वाढत जाते. सरकारने जबाबदार बातमीचे दुकान बंद करून बेजबाबदार बातमीस सारा बाजार मोकळा करून दिला.

यावर वृत्तपत्रांनी जे केले ते आमच्या व्यवसायाच्या इतिहासात अभिमानाने नोंदण्यासारखे आहे. अखिल भारतीय वृत्तपत्र-संपादक परिषदेने ठरविले की, १ जानेवारी १९४३ पासून सरकारी किताबांची नववर्षाची यादी छापावयाची नाही, सरकारी भाषणेही छापावयाची नाहीत, आणि ६ जानेवारीस अंकच काढावयाचा नाही. देशातील बहुसंख्य राष्ट्रीय पत्रे त्या दिवशी बंद राहिली. मौन हे सरकारने काढलेले शस्त्र होते. ते सरकारवरच उलटले. ज्या गावी चिमूरचे नावही गेले नव्हते, तेथे त्या दिवशी अंक का आला नाही, एवढा एक प्रश्न गेला. आणि त्याच्या उत्तरात चिमूर आले. १२ जानेवारीस, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, डॉ. खरे यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली व बातम्यांवरील बंदी उठली. दोन महिन्यांच्या अट्टाहासाने सरकारने काय मिळविले? जो प्रश्न एका जिल्ह्याचा होता, तो साऱ्या हिंदुस्थानचा करून दाखविला, एवढेच.

हे अधिकारी मूर्ख होते असे मात्र कोणी समजू नये. लोकमताशी लोकमतानेच लढले पाहिजे, हे इंग्रजांस पहिल्या महायुद्धापासून कळलेले होते. १९१८ साली प्रसिद्धीचे मध्यवर्ती मंडळ निघाले. पुढे रशब्रूक विल्यम्स या इतिहासाच्या अध्यापकाच्या हाती सरकारी माहितीचे खाते आले व हिंदुस्थानच्या स्थितीवर दरसाल एक जाडजूड ग्रंथ निघू लागला. असहकाराच्या वेळी, १९२१ साली, संयुक्त प्रांतात राजनिष्ठांच्या 'अमन सभा' भरविण्यात आल्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, आमच्या अकोला जिल्ह्यात दहिहंड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले गेले, तेव्हा त्याच एप्रिलाच्या २७ तारखेस वृत्तपत्रांवर जामिनाचा वटहुकूम आला. १९४२ साली अफवा व पराभूत वृत्ती यांचा बंदोबस्त करण्याकरिता 'राष्ट्रीय युद्ध आघाडी' उभी राहिली. म्हणजे पैसा होता, छापखाने होते, आकाशवाणी होती, कलेक्टरापासून पाटलापर्यंत माणसे होती. दुसऱ्या बाजूस काय होते? मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी होती. ती ऐकावयास वऱ्हाडातली गावेच्या गावे लोटत, म्हणून १९४२ साली सरकारने महाराजांस अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेविले. एका खंजिरीपुढे एवढे खाते फिके का पडावे? आमच्या मते याचे उत्तर व्यापाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. शब्द ही हुंडी आहे. ती कागदाच्या गुळगुळीतपणावर चालत नाही, लिहिणाऱ्याच्या पतीवर चालते. आणि ज्या पेढीने आपली वही कधीच कोणास तपासू दिली नाही, तिची हुंडी कितीही सुरेख अक्षरांत लिहिलेली असली तरी वटत नाही.

ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानातच घडली असेही नाही. चीनमधील शांघाय बंदरात परदेशी लोकांची एक वसाहत होती व तिच्या म्युनिसिपल कौन्सिलावर इंग्रजांचे वर्चस्व होते. एका जपानी गिरणीतील मजूर मारला गेल्यावरून ३० मे १९२५ रोजी विद्यार्थ्यांनी तेथे निदर्शने केली. इंग्रज इन्स्पेक्टराच्या हुकुमाने शिपायांनी गोळ्या झाडल्या व अनेक माणसे मेली. त्या शिपायांत आमचे शीख बांधवही होते, ही खेदाची गोष्ट येथे लपविण्यात अर्थ नाही. शहरभर संप झाला. तेव्हा कौन्सिलाने आपली बाजू चिनी भाषेत सांगण्याकरिता एक पत्रक काढले व त्याचे नाव ठेविले 'खरे बोल'! जुलै महिन्यात ते तेथील एका नामांकित चिनी दैनिकात जाहिरात म्हणून छापविले, तेव्हा लोकांचा असा क्षोभ झाला की त्या दैनिकास वाचकांची माफी मागावी लागली. पुढे वर्षाच्या अखेरीस चौकशीही झाली. पण न्यायाधीश इंग्रज, अमेरिकन व जपानी, चिनी पक्षाने तीवर बहिष्कार घातलेला. बहुमताने पोलिसांस दोषमुक्त केले, अमेरिकन न्यायाधीशाने वेगळे मत दिले, पोलिसप्रमुख व तो इन्स्पेक्टर यांनी राजीनामे दिले, आणि देऊ केलेली भरपाईची रक्कम चिन्यांनी परत केली. इकडे कँटन व हाँगकाँगचा संप १९२६ च्या ऑक्टोबरापर्यंत चालून हाँगकाँगच्या व्यापाराचे कंबरडे मोडले. यावरून दोन गोष्टी उघड होतात. आपल्या बोलास आपणच 'खरे' असे नाव दिल्याने ते खरे ठरत नाहीत; आणि पंच जर एकाच बाजूचे असतील, तर चौकशीसुद्धा खंडनाचाच एक प्रकार होऊन बसते.

येथे कोणी म्हणेल की, युद्धाचा काळ होता, शत्रू ब्रह्मदेशापर्यंत आला होता, बर्लिनच्या व जपानच्या नभोवाणीवरून रोज खऱ्याखोट्याचा मारा चालू होता. अशा वेळी सरकारने बातम्यांवर लगाम ठेवू नये तर काय करावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. सैन्याच्या हालचाली, पुलांची ठिकाणे, बोटींच्या वेळा यांवर कोणतेही सरकार पडदा ठेवील व ठेवावाच. परंतु चिमूरच्या एका घरात काय घडले, हे कळल्याने जपानी सैन्यास कोणता फायदा होणार होता? पडदा शत्रूपासून असतो; हा पडदा प्रजेपासून होता. शिवाय अफवा खोटी होती असे सरकारचे खरोखर मत असते, तर चौकशीसारखे दुसरे औषध नव्हते. डॉ. मुंजे, अणे यांसारख्या माणसांनी "आम्ही पाहिले, तक्रार खोटी निघाली" असे म्हटले असते, तर हजार पत्रकांचे काम एका वाक्याने झाले असते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तथापि आमच्याच बाजूचे दोष झाकणे हा आमचा धर्म नव्हे. चिमूरची कथा सांगताना पुष्कळ वक्ते गोळीबारापासून एकदम लष्करापर्यंत उडी मारतात. मधल्या तासांत जमावाने मारलेली माणसे त्यांच्या भाषणांत नसतात. ती माणसे सरकारी नोकर होती हे खरे, पण तीही याच देशाची होती, त्यांच्याही घरी बायकामुले वाट पाहत होती. लष्कराचे अत्याचार त्या हत्यांमुळे क्षम्य ठरत नाहीत, आणि त्या हत्या लष्कराच्या अत्याचारांमुळे पुण्यकृत्ये होत नाहीत. सत्याचा अर्धा भाग सांगणे ही सरकारी पत्रकांची विद्या. ती लोकपक्षाने उचलली, तर मग दोहोंत फरक कोणता राहिला? जो चौकशी मागतो त्याने आपलीही वही उघडी ठेविली पाहिजे.

हे सर्व पुराण आज कशाला, असे पुसणाऱ्यांस आम्ही अकोल्याकडे बोट दाखवितो. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली, ती समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून. एका मनुष्याचा जीव गेला, जमावबंदी झाली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. पूर्वी बातमीस अकोल्याहून पातुरास येण्यास मोटारीची वाट पाहावी लागे. आता ती प्रत्येकाच्या खिशात क्षणार्धात येऊन पडते व वाचण्यापूर्वीच पुढे ढकलली जाते. दंगलीच्या रात्री तारा तोडणे हे आग लागल्यावर शेजारचे छप्पर ओढून काढण्यासारखे आहे. प्रसंगी ते करावे लागते हे आम्ही जाणतो. पण छप्पर ओढल्याने आग कोणी लाविली हे कळत नाही. सकाळ झाल्यावर जर कोणी साधार हकीकत सांगितली नाही, तर ज्याच्या त्याच्या मोहल्ल्यात ज्याची त्याची हकीकत कायम होते, आणि पुढल्या वेळचे सरपण तेथेच रचले जाते. त्यात पहिले नुकसान कोणाचे? ज्याचे दुकान रस्त्यावर आहे त्याचे, आणि ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याचे.

आजचे सरकार परके नाही. ते आमच्या मतांनी बसते व आमच्या मतांनी उठते. म्हणून इंग्रजांच्या आणि त्याच्या हेतूंची तुलना आम्ही करीत नाही. परंतु खुर्चीचा एक स्वभाव असतो, तो बसणाऱ्याचा वर्ण बदलल्याने जात नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून, सरकारच्या कारभाराविषयी इंटरनेटवर आलेला मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे की कसे, हे ठरविण्याचे काम सरकारच्याच कक्षाकडे देण्याची योजना केली. मुंबई उच्च न्यायालयात प्रथम दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. खोट्या बातमीचा त्रास सरकारला होत नाही असे आम्ही म्हणत नाही. सरकारने आपले उत्तर हजार तोंडांनी द्यावे, त्यास कोणाची हरकत नाही. परंतु ज्याच्या मापाविषयी तक्रार आहे, त्यालाच वजनमापांचा निरीक्षक नेमावयाचे, ही गोष्ट कापसाच्या बाजारात कोणी खपवून घेणार नाही. मग ती राज्यकारभारात का खपवून घ्यावी?

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली सरकारने करावयाची: गोळीबार, दंगल किंवा कोठडीतील मृत्यू असा प्रसंग घडला, म्हणजे चौकशी त्या खात्याबाहेरच्या माणसाकडे द्यावी, तिची मुदत आधी सांगावी, आणि अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा. माहितीचा अधिकार २००५ साली कायद्याने मिळाला. त्याच कायद्यात आपण होऊन माहिती उघड करण्याचे कर्तव्य सरकारी कचेऱ्यांवर घातले आहे. अर्जाची वाट न पाहता ते पाळले, तर निम्म्या अफवा जन्मतःच मरतील. दुसरी आम्हां वृत्तपत्रवाल्यांनी करावयाची: ज्या पानावर तक्रार छापली त्याच पानावर उत्तर छापावे, आणि आपली चूक झाली तर तिची कबुली कोपऱ्यात न लपविता ठळक द्यावी. तिसरी नागरिकांची: मजकूर पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे, कोणी पाहिले, केव्हा पाहिले, आणि सांगणारा नाव देण्यास तयार आहे काय? पोलीस ठाण्याच्या शांतता समित्या सणावारी चहापुरत्या भरतात. त्यांत दोन्ही बाजूंचे विश्वासू व्यापारी व शिक्षक घेऊन, अफवा उठताच जागेवर जाऊन पाहून येण्याचे काम त्यांस दिले, तर त्या नावाप्रमाणे होतील.

ज्या गावात रेणुकामातेची टेकडी व शेख बाबूंचा दर्गा यांच्या छायेत एकच बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरत आला, त्या गावास हे अवघड नाही. चिमूरच्या स्त्रियांच्या तक्रारीची निःपक्षपाती चौकशी इंग्रज सरकारने अखेरपर्यंत केली नाही. बंदी उठली, उपोषण सुटले, पुढे राज्यही गेले. पण त्या बायकांचा प्रश्न त्या सरकारच्या वहीत अनुत्तरितच राहिला. खंडनाने तक्रार मिटत नाही, ती फक्त पुढील पानावर ओढली जाते, व्याजासह. ती आमच्या पानावर ओढली जाऊ नये अशी इच्छा असेल, तर आमच्यापैकी प्रत्येकाने, मग तो कचेरीत बसलेला असो, छापखान्यात असो की दुकानाच्या ओट्यावर असो, तक्रार ऐकताच तोंडून पहिला शब्द "खोटे" असा न काढता "पाहू" असा काढण्याची सवय लावून घेतली पाहिजे.